बेकसाहेब आईकडे जेवत का नाहीत

"ही कोणी केली?" हाल्मोनीने माझ्या पुढ्यातली एक वडी उचलली आणि खिडकीच्या उजेडात धरली.

"मी केली."

"आणि ही?"

"ती मावशीने."

मावशीची वडी हात पोळल्यासारखी हाल्मोनीने परत ताटात टाकली. "जिच्या हातची सोंगप्यन देखणी, तिला मुलगी देखणी होते, असं आमच्यात म्हणतात," ती म्हणाली. "मिशनरीबाई, तू आपली लग्नबिग्न न करता देवाचंच काम कर."

दीनामावशी हसता हसता पिठात शिंकली.

हाल्मोनी म्हणजे कोरियनमध्ये आजी. ही मावशीची घरमालकीण. खाली ती एकटी राहायची, वरच्या दोन खोल्या मावशीकडे होत्या. आणि सोंगप्यन म्हणजे, सरळ सांगायचं तर, मोदकाची उकड आणि करंजीचा आकार. तांदळाच्या पिठात उकळतं पाणी घालून मळायचं, आत गोड सारण भरायचं, अर्धचंद्रासारखं मिटायचं आणि पाइनच्या हिरव्या सुयांवर वाफवायचं. तिथल्या बायका कड नुसती चिमटतात. मी नगरची, आमच्याकडे नाताळला करंज्यांचे डबेच्या डबे होतात, म्हणून मी आपली सवयीने मुरड घातली होती.

"ही अशी कड पुन्हा घाल बघू," हाल्मोनी म्हणाली आणि चष्मा लावून माझ्या अंगठ्याकडे बघत बसली.

ही दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आता मी दहावीत आहे, तेव्हा आठवीत होते. दीनामावशी ही माझ्या आईची सगळ्यात धाकटी बहीण. ती मिशनरी म्हणून दक्षिण कोरियात निघाली तेव्हा आमच्या चर्चमधल्या अर्ध्या लोकांना वाटलं, पोरगी वेडी झाली. तिथे म्हणे चौकाचौकात चर्च, तिथे नगरच्या मिशनरीचं काय काम? पण त्या गावात कारखाने होते, आणि कारखान्यांत नेपाळी, बिहारी, पंजाबी मुलं होती. तिथल्या चर्चला त्यांच्याशी बोलणारं माणूस हवं होतं. मावशी सुट्टी संपवून परत जाताना मला तीन आठवड्यांसाठी सोबत घेऊन गेली, सहामाही परीक्षा परत आल्यावर द्यायची या बोलीवर.

मला वाटलं होतं मिशनरी म्हणजे कायम उपदेश करणारं माणूस. मावशीचा दिवस पहाटेच्या प्रार्थनेने सुरू व्हायचा हे खरं, पण उरलेला सगळा वेळ ती कानाला फोन लावून "हां भैया, दर्द किधर है?" असं विचारत असायची. कोणाचं बोट मशीनमध्ये सापडलेलं, कोणाला डॉक्टरला सांगता येत नाही की खोकला रात्रीच येतो. मग मावशी सायकलवर टांग टाकून निघायची. मागे कॅरिअरवर मी. संध्याकाळी त्याच मुलांना कोरियन अक्षरं शिकवायची. मलाही कोरियन बऱ्यापैकी यायचं, कारण सातवीपासून मी कोरियन मालिका बघत होते. रडणं, भांडणं आणि जेवणाचं आमंत्रण देणं, हे तर मला मावशीपेक्षाही चांगलं जमायचं.

आणि आता छुसक आला होता. त्यांचा सगळ्यात मोठा सण. भाद्रपदाच्या पौर्णिमेला येतो. म्हणजे नगरमध्ये गणपती जाऊन पितृपक्ष लागतो, त्याच चंद्राला हे लोक आपापल्या घरी जातात आणि वाडवडिलांसाठी पक्वान्नांचं टेबल मांडतात. कारखाने बंद, दुकानं बंद. गाव रिकामं झालं होतं.

"तुमच्याकडे कोण येणार?" मी हाल्मोनीला विचारलं.

तिचा हात एकदम मंदावला. "मुलगा येईल."

तिचा मुलगा आम्हाला चांगलाच माहीत होता. बेकसाहेब. मावशीच्या चर्चमधले ज्येष्ठ पंच. मावशीला बोलावून घेणारे तेच आणि आईच्या घरातल्या या खोल्या मिळवून देणारेही तेच. उंच, कमी बोलणारे, इस्त्रीच्या शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावणारे.

"मग तर मज्जाच," मी म्हणाले.

"कसली मज्जा. दुपार झाली, बापाचं टेबल आवरलं, की मग येतो. नाशपातीची पेटी ठेवतो. कॉफी पितो. आणि जातो." हाल्मोनीने एक सोंगप्यन दाबून मिटली. "बाप गेल्यापासून सणाच्या दिवशी माझ्या हातचा घास खाल्लेला नाही त्याने. एरवी खातो. सणाला नाही. मेलेल्यापुढे ठेवलेलं चालत नाही तुमच्या देवाला. फार कडक देव आहे." हे ती मावशीकडे बघून म्हणाली. आवाज चढवून नाही. हवा पावसाळी आहे असं म्हणावं तसं.

 मावशी पिठाचा एकच गोळा कितीतरी वेळ वळत राहिली.

थोड्या वेळाने हाल्मोनीच पुन्हा म्हणाली, "मला काही त्याने वाकून नमस्कार करायला नकोय. नको करू. पण सणाला आईसमोर बसून पोटभर जेवावं की नाही एखाद्याने?"

जिना चढताना मी मावशीला पकडलं.

"खरंच असं आहे? आपल्यात चालत नाही?"

"बायबलात पौलाने लिहिलंय ना, मूर्तीला वाहिलेल्या अन्नाबद्दल. इथल्या पुष्कळ ख्रिस्ती घरांतून पूर्वजांच्या टेबलासमोर वाकत नाहीत. काहीजण तिथलं खातही नाहीत. बेकसाहेब त्यातले असतील."

"असतील म्हणजे? तू विचारलं नाहीस?"

"तबिथा, असं पंचांना विचारतात का?"

"मी विचारू?"

"नको."

मी दोन पायऱ्या चढले. मग मला आमच्या इंगळेकाकू आठवल्या. इंगळेकाकू म्हणजे नगरचं आमचं शेजारचं घर. त्यांच्याकडे गौरी जेवतात त्या दिवशी आम्हालाही पुरणपोळीचं ताट येतं. माझी आजी देवापुढचा प्रसाद घेत नसे. काकूंनी त्यावर कधी चर्चा केली नाही. नैवेद्य दाखवायच्या आधीच त्या आमच्या पोळ्या वेगळ्या काढून ठेवायला लागल्या. त्यांच्या सासूबाई म्हणे दोन वर्षं बडबडल्या, मग त्याच आठवण करायला लागल्या, "अगं, त्या मकासऱ्यांचं काढलंस का?" मकासरे म्हणजे आम्ही. त्या वर्षी मी ते ताट बुडवून कोरियाला आले होते, म्हणून आठवण जरा जास्तच आली.

"मावशी, हाल्मोनीनेही तसंच वेगळं काढून ठेवलं तर? मेलेल्यापुढे ठेवायच्या आधी?"

मावशी जिन्यात थांबली. हा विचार तिच्याही मनात येऊन गेला होता, हे मला तिच्या तोंडावरूनच कळलं.

"हे बघ," ती म्हणाली, "काकूंनी ते आपण होऊन केलं. आपण सांगितलं नव्हतं. एका विधवा बाईला तू सांगणार, की नवऱ्याच्या आधी दुसऱ्याचं ताट वाढ? वर्षातून एकदा तर तो गेलेला माणूस जेवायला येतो तिच्याकडे. आपण भाडेकरू आहोत. तू तोंड उघडणार नाहीस. कळलं?"

"कळलं."

कळलं होतंच. पण दुपारी मावशी कारखान्यातल्या मुलांसाठी सणाचं जेवण रांधायला चर्चमध्ये गेली, आणि हाल्मोनीने मला पाइनच्या सुया धुवायला बसवलं. दोघीच होतो. तिने मला विचारलं, "तुमच्या गावात सणाला काय करतात?" आता तिनेच विचारल्यावर मी काय करणार? मी गौरींपासून सुरुवात केली, आणि पुरणपोळीवर आल्यावर काकूंचं ताट आलंच.

हाल्मोनी ऐकत होती. ऐकता ऐकता तिने पातेल्यावर झाकण ठेवलं.

"बाप दारात उपाशी उभा, आणि मुलाला आधी वाढायचं?"

"वाढत नाहीत. नुसतं बाजूला ठेवतात."

"बाजूला ठेवलं म्हणजे वाढलंच, पोरी. आमच्याकडे टेबल मांडून होईपर्यंत सून चवसुद्धा घेत नाही. चाळीस वर्षं मी मिठाचा अंदाज नाकाने घेतला." ती उठली, टोपली घेतली आणि मागच्या वाफ्यात मिरच्या तोडायला निघून गेली. झाडावर तोडण्यासारख्या मिरच्या फारशा नव्हत्याच. तरी ती बराच वेळ आली नाही.

मावशीला मी स्वतःच सांगितलं. ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं. ती नुसती कॉटवर बसली आणि म्हणाली, "आता ती उद्या आपल्याला खालीसुद्धा बोलवायची नाही."

पण सकाळी बोलावलं. हाल्मोनी राखाडी रंगाचा ठेवणीतला पोशाख घालून जिन्याच्या तोंडाशी आली आणि वर बघून म्हणाली, "मिशनरीबाई, तू वाकणार नाहीस, ते मला ठाऊक आहे. नको वाकू. नुसत्या दारात येऊन उभ्या राहा दोघी. घर फार रिकामं दिसतंय."

मावशी क्षणभर घुटमळली. पूर्वजांच्या टेबलापाशी मिशनरी उभी होती, हे चर्चमध्ये कळलं तर चार लोक चार गोष्टी बोलणार. आणि कळवणारे बेकसाहेबच असू शकले असते. मग तिने केसांना रबर लावलं आणि चपला शोधायला लागली.

खाली गेल्या गेल्या मी आधी स्वयंपाकघरात डोकावले. ओट्यावर, कपाटात, फळीवर, कुठेही झाकलेलं ताट नव्हतं. सगळं टेबलावर गेलं होतं. माझा चेहराच पडला.

टेबल मात्र बघण्यासारखं होतं. मागे चित्रांचा घडीचा पडदा, पुढे आजोबांचा फोटो. सफरचंदं आणि नाशपाती टोपी काढल्यासारख्या वरून कापलेल्या. भाजलेला अख्खा मासा, अळकुड्यांचं सार, सुकी बोरं, सोललेले चेस्टनट, आणि सोंगप्यनचा डोंगर. एकाही पदार्थात लाल मिरची नाही. "आजोबांना तिखट सोसत नव्हतं?" मी कुजबुजले. "मिरचीला आत्मे घाबरतात म्हणे," मावशी माझ्या कानात म्हणाली. आजोबांना घरात यायला वाट राहावी म्हणून दार थोडं उघडं ठेवलं होतं. वाऱ्याने ते हललं की मी वळून बघत होते.

हाल्मोनीने पेल्यात तांदळाची दारू ओतली आणि वाकली. गुडघे टेकून, हात जमिनीला लावून, कपाळ हातांवर. उठताना तिला टेबलाचा आधार घ्यावा लागला. पुन्हा वाकली. मला आत जाऊन तिला उठवावंसं वाटत होतं. मावशी उंबऱ्यात हात बांधून, मान खाली घालून उभी होती. वाकलेली नाही, आणि निघूनही गेली नाही.

मग हाल्मोनी फोटोपुढे बसून राहिली. आजोबांना जेवायला वेळ द्यायचा असतो. बराच दिला तिने.

बेकसाहेब दुपारी आले. हातात नाशपातीची पेटी, अंगात कोट. आम्हाला बघून त्यांना आश्चर्य वाटलेलं दिसलं. मावशी ताडकन उठून उभी राहिली.

"बसा, बसा," ते म्हणाले. "आई, टेबल अजून आवरलं नाहीस?"

"पाय दुखतात. आवरीन. बस तू."

ते टेबलाकडे पाठ करून, दाराजवळ बसले. हाल्मोनीने कॉफीची पुडी पाण्यात ढवळून पुढे ठेवली. आता कॉफी संपेल आणि हे उठतील, असं म्हणून मी कपाकडे बघत होते. अर्धा संपला.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून वाफेचा वास आला. पाइनच्या सुयांचा. हाल्मोनी तशीच पाय ओढत आत गेली आणि बांबूची चाळणी फडक्यात धरून बाहेर आली. वाफ तिच्या चष्म्यावर बसली होती. तिने चाळणी बेकसाहेबांच्या पुढ्यात ठेवली. आत सोंगप्यन होत्या, आणि सगळ्या माझ्या, मुरड घातलेल्या.

"आई, तुला माहीत आहे ना."

"माहीत आहे. हे टेबलावरचं नाही. काल कच्च्याच बाजूला ठेवल्या, ओल्या फडक्यात, फ्रिजमध्ये. कच्चं म्हणजे अजून जेवण नव्हे. बापाच्या आधी तुला वाढलं नाही आणि बापापुढचं तुला देत नाही. आता उकडल्या. तुझ्यासाठी." ती दमून समोर बसली. "या पोरीच्या गावात असं वेगळं काढतात. मी पुष्कळ विचार केला, त्यांचं जसंच्या तसं मला जमेना. हे जमलं. तुझ्या देवाला चालेल ना? नाहीतर ही मिशनरी बसली आहे, विचार तिला."

मावशीचा चेहरा लालबुंद झाला. बेकसाहेब तिच्याकडे नाही, चाळणीकडे बघत होते.

"माझ्या देवाचा यात काय संबंध?" ते म्हणाले.

"म्हणजे?"

"काही नाही. खातो."

"काही नाही कसं? इतकी वर्षं माझं खात नाहीस ते कोणामुळे?"

त्यांनी कप खाली ठेवला. मी विचारणारच होते, पण मावशीने माझा गुडघा दाबून धरला.

"पौलाने मला कधी अडवलं नाही, आई," शेवटी ते म्हणाले. आवाज इतका खाली, की मी पुढे सरकले. "वाकायचं नाही हे मी ठरवलं होतं. खायचं नाही असं कधीच नव्हतं. बाबांच्या शेवटच्या सणाला मी वाकलो नाही. तू स्वयंपाकघरात होतीस. ते म्हणाले, जो या टेबलाला नमत नाही, त्याने या टेबलावरचं खायचं नाही. मी बरं म्हणालो. पुढच्या थंडीत ते गेलेच. मग ते बोलणं मागे घेणार कोण?"

हाल्मोनी तोंड किंचित उघडं ठेवून बघत राहिली.

"आणि मला सांगितलं नाहीस."

"तुला वाटलं देवामुळे. मी वाटू दिलं. देवावर रागावलीस तर तो सोसेल. बाबांवर रागावली असतीस, तर दर वर्षी हे टेबल कोणासाठी मांडलं असतंस?"

बाहेर रस्त्यावरून एक गाडी गेली. सणासाठी आलेली कोणाची तरी मुलं मोठ्याने हसत होती. चाळणीतली वाफ हळूहळू कमी होत गेली.

हाल्मोनी गुडघ्यांवर हात टेकून उठली. मला वाटलं ती आत जाईल. ती टेबलाकडे गेली आणि फोटोसमोर उभी राहिली. सकाळी वाकली होती तिथेच, पण आता ताठ.

"अहो, ऐकलंत?" ती म्हणाली. "पोराला दारात बसवून एवढी वर्षं एकटे जेवलात. घास उतरला कसा तुमच्या घशाखाली? आणि मी मूर्ख, दर वर्षी वाढतेय, अजून घ्या म्हणतेय." तिने नाक पुसलं. "तो तुमचा शब्द पाळत बसला, कळलं का? कोण म्हणतं नमला नाही?"

बेकसाहेब म्हणाले, "आई, राहू दे."

"तू गप्प बस. नवरा-बायकोच्या मध्ये बोलू नकोस."

तिने टेबलावरची सोंगप्यनची थाळी एका हातात घेतली, दुसऱ्या हाताने फोटो काखेत मारला आणि परत आली. फोटो बेकसाहेबांच्या बरोबर समोर, चाळणीच्या पलीकडे भिंतीला टेकवून उभा केला. थाळी चाळणीशेजारी ठेवली.

"बसा इथे," ती फोटोला म्हणाली. "बघा त्याला जेवताना."

माझ्या तोंडात पौल आला होता. टेबलावरचं म्हणजे मेलेल्यापुढचं, मग आता हे चालतं की नाही, मला जाम जाणून घ्यायचं होतं. मी मावशीकडे बघितलं. मावशी कोणाकडेच बघत नव्हती. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही तिला सुचत नव्हतं.

बेकसाहेबांनी कोट काढला. डोळे मिटून त्यांनी प्रार्थना केली, रोज जेवणाआधी करत असतील तशीच, ओठ हलवून. त्यात वेळ गेला. हाल्मोनी त्यांच्याकडे बघत हातातल्या फडक्याची घडी घालत राहिली, उलगडत राहिली.

मग त्यांनी डोळे उघडले. चाळणीवरून हात फिरवला आणि थाळीतली एक सोंगप्यन उचलली. तोंडाजवळ नेली आणि थांबले. समोरच्या फोटोकडे बघून, आमच्या वर्गातल्या एखाद्या मुलाने विचारावं तसं, त्यांनी विचारलं, "बाबा, खाऊ?"

हाल्मोनीनेच उत्तर दिलं.

"विचारतोस काय. सकाळपासून गार झालंय ते."